कापसाचा व्यापारी, रुपयाचा हिशेब : सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास

पाली (ता. बीड) : दसरा झाला की बिंदुसरेच्या काठच्या शिवारात वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडतो आणि माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. खेडा खरेदीवाला काय भाव देतो, जिनिंगवर काय चाललंय, सीसीआयचं केंद्र कधी उघडणार, हे विचारायला सुरुवात होते. त्याच मोबाईलवर रोज एक आकडा फिरत येतो, तो म्हणजे रुईचा खंडीचा भाव. खंडी म्हणजे 356 किलो रुई. आता सगळा कारभार किलो-क्विंटलचा असताना हे 356 किलोचं विचित्र माप आलं कुठून? ते मुंबईच्या जुन्या कापूस बाजाराचं माप आहे. तिथं खंडी 784 पौंडांची होती. इंग्रज गेला, पौंड गेले, माप मात्र राहिलं.

ज्या माणसानं त्या मुंबईच्या बाजाराची घडी बसवली, पुढं सरकारच्या समित्यांवर बसून देशाच्या पैशाचा विचार केला आणि एकदा दहा जणांत एकटं पडून शेतमालाच्या भावाची बाजू मांडली, तो माणूस म्हणजे सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण कापूस पिकवणाऱ्यानं ते माहीत करून घ्यावं असं आहे.

कापसाच्या पेढीवरून सुरुवात

पुरुषोत्तमदासांचा जन्म 30 मे 1879 चा. घराणं गुजराती, कर्मभूमी मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्या काळात पदवी घेतलेला मुलगा वकील व्हायचा, नाहीतर सरकारी नोकरी धरायचा. हे मात्र नारणदास राजाराम आणि कंपनी या कापसाच्या पेढीत गेले. पुढं त्यांना कापसाचा राजा म्हणायचे, इतकं त्यांचं या धंद्यात वजन झालं.

तेव्हाची मुंबई कापसावर उभी होती. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत आपसात युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबलं तसे भाव कोसळले आणि किती तरी पेढ्या बुडाल्या. तरी धंदा राहिला. विदर्भ, खानदेश, गुजरात, मराठवाडा इथला कापूस गठाणी बांधून मुंबईला यायचा. काही मुंबईच्या गिरण्यांत जायचा, बाकीचा जहाजानं इंग्लंड, युरोप आणि जपानला.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जवळची रेल्वे म्हणजे एकीकडं जालना, दुसरीकडं बार्शी. बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि जालन्यावरून जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे 1900 च्या सुमाराला. माल बैलगाडीनं तिथपर्यंत न्यायचा, तिथून तो मुंबईला जायचा. शेतकऱ्याच्या हातात हाली शिक्का पडायचा, पण भाव ठरायचा मुंबईत, आणि मुंबईचा भाव ठरायचा लिव्हरपूलमध्ये. लिव्हरपूलचा भाव पेन्समध्ये असायचा. ही साखळी ध्यानात ठेवावी लागेल, कारण पुरुषोत्तमदासांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई याच साखळीवरून झाली.

बाजाराला शिस्त

इंग्रज व्यापाऱ्यांच्या संघटना आधीपासून होत्या आणि सरकारदरबारी त्यांचंच ऐकलं जायचं. म्हणून 1907 मध्ये मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर ही आपली संघटना काढली. तिच्या उभारणीत तरुण पुरुषोत्तमदासांचा वाटा होता.

कापसाच्या बाजारात तेव्हा सगळा सावळा गोंधळ होता. एकाच शहरात कापसाच्या कितीतरी संघटना आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. वायदा बाजारात सट्टा बोकाळला होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तर परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली की 1918 मध्ये सरकारला बाजारावर नियंत्रणासाठी समिती नेमावी लागली. त्यानंतर 1921 मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन उभी राहिली आणि 1922 च्या कायद्यानं मुंबईच्या कापूस व्यवहारांचे नियम तिच्या हाती दिले. तिच्या स्थापनेत पुरुषोत्तमदास पुढं होते आणि नंतर वर्षानुवर्षं तेच तिचे अध्यक्ष राहिले.

या संघटनेनं केलं काय? कापसाची प्रत ठरवण्याचे नमुने पक्के केले. माल आणि नमुना जुळला नाही तर तपासणी कुणी करायची, वाद झाला तर लवाद कुणी करायचा, वायद्याचा माल कोणत्या प्रतीचा द्यायचा, हे सगळं लिहून ठेवलं. कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीला हलला तोही याच काळात. हार्बर रेल्वेवरचं कॉटन ग्रीन स्टेशन म्हणजे त्याच बाजाराची खूण. ती संघटना आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावानं ओळखली जाते, कार्यालय अजून कॉटन ग्रीनलाच आहे, आणि मोबाईलवर येणारा खंडीचा भाव बऱ्याचदा तिथूनच निघालेला असतो.

याच सुमाराला कापसातली भेसळ रोखायला कायदे आले. चांगल्या कापसाच्या भागात हलका कापूस आणून मिसळायचा आणि चांगल्याच्या नावावर खपवायचा, हा जुना धंदा होता. आपल्या मराठवाड्याच्या गावरानी कापसाला मुंबईच्या बाजारात स्वतःचं नाव होतं, भेसळीनं अशीच नावं खराब व्हायची. 1923 चा कापूस वाहतूक कायदा आणि 1925 चा जिनिंग-प्रेसिंग कायदा यांनी त्याला आळा घालायचा प्रयत्न केला. गठाण कोणत्या प्रेसमध्ये बांधली त्याची खूण गठाणीवर मारणं तेव्हापासून सक्तीचं झालं.

सरकारच्या टेबलावर

बाजार कळणारा माणूस सरकारलाही हवा असतो. 1920 पासून पुरुषोत्तमदासांना एकापाठोपाठ एक समित्यांवर बोलावणं येऊ लागलं. त्याच वर्षी ते मुंबईचे शेरीफ होते. 1923 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

पहिली मोठी समिती रेल्वेची. 1920-21 च्या अॅकवर्थ समितीवर ते सभासद होते. रेल्वेचा हिशेब सरकारच्या बाकीच्या हिशेबापासून वेगळा ठेवावा ही शिफारस या समितीतून आली. त्यातून रेल्वेचं वेगळं बजेट सुरू झालं. ते 2017 मध्ये पुन्हा मुख्य बजेटमध्ये मिसळलं गेलं, म्हणजे नव्वदएक वर्षं ती पद्धत चालली. दुसरी, 1922-23 ची इंचकेप समिती. सरकारचा खर्च कुठं कापता येईल हे शोधायचं तिचं काम. तिच्यावरही ते होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. पुरुषोत्तमदास चळवळीतले नव्हते. 1920 मध्ये गांधीजींनी असहकार पुकारला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या मुंबईच्या मंडळींत ते होते. सरकारबरोबर बसून, आकडे मांडून, जमेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं, ही त्यांची रीत. त्यामुळं अनेकांना ते सरकारचे माणूस वाटत. पण 1926 मध्ये याच माणसानं सरकारच्या विरोधात जे लिहून दिलं ते त्या वेळच्या भल्याभल्यांना जमलं नव्हतं.

16 पेन्स की 18 पेन्स

आता येते ती लढाई. रुपयाची किंमत किती असावी हा प्रश्न होता.

पहिल्या महायुद्धाच्या आधी बरीच वर्षं एक रुपया म्हणजे 16 पेन्स असा दर होता. एक पौंड म्हणजे 240 पेन्स, म्हणजे एका पौंडाचे 15 रुपये. युद्धात चांदी महागली आणि दर वर गेला. 1920 मध्ये सरकारनं रुपया 2 शिलिंगावर, म्हणजे 24 पेन्सवर नेऊन ठेवायचा घाट घातला. तो टिकला नाही, दर घसरला आणि या चढउतारात व्यापाऱ्यांचे हात पोळले. नंतर हळूहळू दर 18 पेन्सच्या आसपास आला. आता तिथंच खुंटी ठोकायची की जुन्या 16 पेन्सवर जायचं?

हे ठरवायला ऑगस्ट 1925 मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. एकूण दहा सभासद, त्यात चार हिंदी, त्यांपैकी एक पुरुषोत्तमदास. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर 1923 मध्ये ग्रंथ लिहिला होता, त्यांनीही या कमिशनपुढं 1925 मध्ये साक्ष दिली. म्हणजे प्रश्न किती वजनाचा होता ते दिसतं.

जुलै 1926 मध्ये अहवाल झाला. नऊ जण 18 पेन्सच्या बाजूनं गेले. पुरुषोत्तमदासांनी एकट्यानं वेगळं मत लिहून जोडलं. त्यांचं म्हणणं होतं, दर 16 पेन्सच ठेवा.

दोन पेन्सचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसा येतो ते एका साध्या हिशेबानं पाहू.

समजा, एका कुटुंबाचा कापूस परदेशात 10 पौंडांना गेला. वाहतूक, दलाली बाजूला ठेवू. 16 पेन्सच्या दरानं त्याचे 150 रुपये होतात. 18 पेन्सच्या दरानं 133 रुपये 5 आणे 4 पै. म्हणजे परदेशात भाव तोच, माल तोच, पण सुमारे 17 रुपये कमी. शंभरामागं 11 रुपये गेले.

एवढ्यावर थांबत नाही. त्या कुटुंबाला सरकारचा सारा भरायचाय, समजा 30 रुपये. सावकाराचं देणं आहे, समजा 40 रुपये. हे दोन्ही रुपयांत ठरलेले. रुपया महाग झाला म्हणून सारा कमी होत नाही आणि सावकार व्याज सोडत नाही. पहिल्या हिशेबात 150 मधून 70 गेले, हातात 80 राहिले. दुसऱ्या हिशेबात 133 मधून 70 गेले, राहिले 63. कागदावर 11 टक्के कपात, पण चुलीपर्यंत पोहोचणाऱ्या पैशातला पाचवा हिस्सा गायब. ज्याच्या डोक्यावर कर्ज जास्त त्याचं नुकसान जास्त.

पुरुषोत्तमदासांच्या म्हणण्याचं मूळ हेच होतं. जुनी देणी, जुना सारा, जुने करार 16 पेन्सच्या काळात ठरलेले आहेत. रुपया महाग केला तर देणेकऱ्याचं ओझं न बोलता वाढतं, आणि या देशात सगळ्यात मोठा देणेकरी शेतकरी आहे.

सरकारच्या बाजूलाही मुद्दे होते. 18 पेन्सचा दर काही काळ चालू आहे, बाजारातले भाव आणि मजुरी त्याला जुळून गेलेत, आता मागं गेलं तर महागाई होईल, असं सरकार म्हणत होतं. शिवाय हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडात मोठी रक्कम भरावी लागायची. रुपया महाग असला की ती स्वस्तात भागायची. परदेशी कापड आणि यंत्रंही स्वस्त पडायची.

पुरुषोत्तमदासांवर टीकाही झाली. कापूस निर्यात करणाऱ्या पेढीच्या माणसाला रुपया स्वस्तच हवा असणार, शेतकऱ्याचं नाव घेऊन हा व्यापाऱ्याचं भलं बघतोय, असं बोललं गेलं. यात काहीच खोटं नाही. स्वस्त रुपया मुंबईच्या निर्यातदाराला आणि गिरणीवाल्यालाही हवाच होता. पण या एका प्रश्नात व्यापाऱ्याचं आणि पिकवणाऱ्याचं हित एकाच बाजूला होतं. आणि त्या दहा खुर्च्यांवर पिकवणारा कुणीच नव्हता. त्याचा हिशेब मांडला तो व्यापाऱ्यानं.

हरलेली लढाई

पुरुषोत्तमदास अहवालाला मत जोडून गप्प बसले नाहीत. मुंबईत करन्सी लीग उभी राहिली, सभा झाल्या, पत्रकं निघाली. रुपया-पेन्सचा हा किचकट विषय लोकांच्या तोंडी आला. मार्च 1927 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मतदान झालं आणि मोजक्या मतांनी सरकार जिंकलं. दर 18 पेन्सवर पक्का झाला.

त्याच 1927 मध्ये घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास यांच्या पुढाकारानं देशभरच्या देशी व्यापाऱ्यांचा महासंघ उभा राहिला. फिक्की म्हणून तो आजही ओळखला जातो. तिच्या सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी ते एक.

मग आलं 1929. जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव पार कोसळले. कापूस जवळपास निम्म्या भावावर आला. सारा तोच, सावकार तोच. इंग्लंडनं 1931 मध्ये आपला पौंड सोन्यापासून सोडवला, तसं सोनं महागलं, आणि गावागावातून मोडीचं सोनं बाहेर पडू लागलं. बायकांच्या अंगावरचे दागिने सराफाकडं, तिथून मुंबईला, तिथून जहाजानं लंडनला. सरकार याला व्यापार म्हणत होतं. घराघरात मात्र ती अडचणीतली विक्री होती. मंदी काही 18 पेन्समुळं आली नव्हती, ती जगभर होती. पण भाव पडलेला असताना महाग रुपयानं त्यावर आणखी भार टाकला, असं व्यापारी संघटना सांगत राहिल्या.

जानेवारी 1930 मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी, गांधीजींनी सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर काढा, शेतसारा निम्मा करा, दारूबंदी करा. त्याच यादीत एक मागणी होती, रुपयाचा दर 16 पेन्सवर आणा. ज्या माणसानं असहकाराला विरोध केला होता, त्याचा हिशेब गांधीजींच्या यादीत जाऊन बसला.

पुरुषोत्तमदास स्वतः तुरुंगात गेले नाहीत, ते लंडनला गोलमेज परिषदेला गेले. त्यांचा रस्ता शेवटपर्यंत टेबलावरचाच राहिला.

रिझर्व्ह बँक आणि मुंबई योजना

1926 च्या वेगळ्या मतात पुरुषोत्तमदासांनी आणखी एक गोष्ट मांडली होती. देशासाठी नवी मध्यवर्ती बँक काढण्यापेक्षा असलेल्या इंपीरियल बँकेकडंच ते काम द्यावं, असं त्यांचं मत होतं. तेही मानलं गेलं नाही. 1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. आणि तिच्या पहिल्याच संचालक मंडळावर पुरुषोत्तमदास बसले. आपलं ऐकलं नाही म्हणून रुसून बाजूला व्हायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता. अनेक वर्षं ते त्या मंडळावर होते.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच स्वातंत्र्य येणार हे दिसू लागलं होतं. जानेवारी 1944 मध्ये आठ जणांनी मिळून देशाच्या विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, अर्देशीर दलाल, ए. डी. श्रॉफ, जॉन मथाई आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास. मुंबई योजना म्हणून ती गाजली. 15 वर्षांत 10,000 कोटी रुपये घालायचे आणि माणशी उत्पन्न दुप्पट करायचं, असा तिचा बेत. एवढा पैसा फक्त व्यापारी उभा करू शकणार नाहीत, सरकारनं पुढं व्हावं, हे खुद्द उद्योगपतींनी लिहून दिलं होतं.

त्या 10,000 कोटींची वाटणी मात्र शेतकऱ्यानं बघण्यासारखी आहे. उद्योगांना 4,480 कोटी, घरांना 2,200 कोटी, शेतीला 1,240 कोटी. त्या वेळी देशातली बहुतेक माणसं शेतीवर जगत होती आणि रुपयातले दोन आणेही शेतीला आले नव्हते. शेतीचं उत्पादन 130 टक्क्यांनी वाढवायचं उद्दिष्ट त्यात होतं, गावच्या कर्जाचा प्रश्न सोडवण्याचीही भाषा होती, पण तिजोरीचा मोठा दरवाजा कारखान्याकडं उघडत होता. रुपयाच्या लढाईत शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहिलेला माणूस इथं उद्योगवाल्यांच्या पंगतीत बसलेला दिसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एक सल्ला उलटला

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1947 मध्ये, सरकारनं धान्य धोरणासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं पुरुषोत्तमदासांना. युद्धकाळापासून धान्यावर नियंत्रण होतं. रेशन, लेव्ही, एका भागातून दुसऱ्या भागात धान्य न्यायला बंदी. शेतकऱ्याला लेव्हीत कमी भाव, शहरात काळाबाजार. गांधीजींनीही त्या दिवसांत नियंत्रण उठवा असा आग्रह धरला होता. समितीनं नियंत्रण टप्प्याटप्प्यानं कमी करण्याच्या बाजूनं कौल दिला. डिसेंबर 1947 पासून सरकारनं ते उठवायला सुरुवात केली.

भाव भडकले. माल दाबून ठेवणाऱ्यांचं फावलं. गरिबाला धान्य परवडेना. शेवटी 1948 च्या पावसाळ्याअखेर सरकारनं पुन्हा नियंत्रण आणलं. बाजार आयुष्यभर हाताळलेल्या माणसाचा बाजारावरचा भरवसा या वेळी फळाला आला नाही. टंचाईच्या वर्षात मोकळा बाजार कुणाच्या बाजूनं वागतो, हे तेव्हा देशानं पाहिलं.

तालुक्यापर्यंत बँक

वयाच्या सत्तरीत त्यांच्याकडं आणखी एक काम आलं आणि गावाच्या दृष्टीनं ते सगळ्यात जवळचं. 1949 मध्ये सरकारनं ग्रामीण बँकिंग चौकशी समिती नेमली, अध्यक्ष पुरुषोत्तमदास. खेड्यातला पैसा बँकेत कसा यावा आणि बँक खेड्यापर्यंत कशी जावी, हा तिचा विषय. 1950 मध्ये अहवाल आला. इंपीरियल बँकेनं आणि इतर बँकांनी तालुक्याच्या गावापर्यंत शाखा न्याव्यात, पोस्टातल्या बचतीला जोर द्यावा, माल साठवायला गोदामांची सोय करावी, असा त्याचा रोख होता.

गोदामाचं महत्त्व कापूसवाल्याला सांगायला नको. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. माल ठेवायला जागा आणि त्याच्या पावतीवर उचल मिळाली तर शेतकरी दोन महिने थांबू शकतो. तो थांबू शकत नाही म्हणूनच व्यापाऱ्याचं साधतं, हे कापसाच्या व्यापाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बँका मात्र लगेच खेड्याकडं धावल्या नाहीत. इंपीरियल बँकेच्या शाखा ठरल्यापेक्षा कमी निघाल्या. 1954 मध्ये गोरवाला समितीचा अहवाल आला, त्यात आपले धनंजयराव गाडगीळही होते. त्यांनी आकडे समोर ठेवले. शेतकऱ्याच्या कर्जातलं सहकारी संस्थांचं सुमारे 3 टक्के, व्यापारी बँकांचं 1 टक्क्याहून कमी, आणि सावकारांचं सुमारे 70 टक्के. पुरुषोत्तमदास समितीचा सांगून-समजावून बँका नेण्याचा रस्ता पुरेसा नाही, हे त्यातून उघड झालं. मग सरकारनं इंपीरियल बँकच ताब्यात घेतली. 1 जुलै 1955 ला ती स्टेट बँक ऑफ इंडिया झाली आणि पाच वर्षांत 400 शाखा काढायचं बंधन तिच्यावर आलं. 1956 मध्ये गोदामांचा कायदा झाला, त्यातून वखार महामंडळं आली. तालुक्याला स्टेट बँकेची पाटी दिसते आणि वखारीची पावती बँकेत चालते, त्यामागं असा रस्ता आहे. आपल्या भागात बराच काळ स्टेट बँक ऑफ हैदराबाद होती, 2017 मध्ये तीही स्टेट बँकेत विलीन झाली.

हिशेब अजून चालू

4 जुलै 1961 ला पुरुषोत्तमदास ठाकूरदास गेले. वय 82. बँकिंग क्षेत्रात त्यांच्या नावानं आजही स्मृती व्याख्यान होतं. कापूस पिकवणाऱ्या गावांत त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

ते गेले तेव्हा रुपयाचा दर काय होता? 18 पेन्सच. इंग्रज गेला, देश स्वतंत्र झाला, तरी पौंडाचे 13 रुपये 33 पैसे हा हिशेब तसाच होता. 1926 मध्ये ज्या दराविरुद्ध ते एकटे उभे राहिले, तो त्यांच्यानंतरही टिकला. जून 1966 मध्ये सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि पौंड 21 रुपयांवर गेला, तेव्हा कुठं तो दर संपला.

आता पौंडाची जागा डॉलरनं घेतली आणि लिव्हरपूलची जागा न्यूयॉर्कच्या वायद्यानं. रुपयाचा दर आता बाजारात रोज हलतो. खत, डिझेल परदेशावर अवलंबून असल्यानं स्वस्त रुपयाचा चटका शेतकऱ्यालाही बसतो, त्यामुळं हिशेब तेव्हापेक्षा अवघड झालाय. पण साखळी तीच आहे. पालीच्या शिवारात बोंड फुटतं, त्याचा भाव निम्मा इथं ठरतो, निम्मा रुपयाच्या दरावर. खंडीचा भाव मोबाईलवर येतो तेव्हा त्याच्या शेजारी डॉलरचा भावही बघायला पाहिजे. आणि भाव ठरवणाऱ्या समितीवर पिकवणारा माणूस बसलाय का, हेही. 1926 मध्ये तो नव्हता.